एका मिनिटाचा हिशेब

स्पीडवेचा एक सामना म्हणजे १५ शर्यती. एक शर्यत म्हणजे चार फेऱ्या, आणि चार फेऱ्यांना लागतं जेमतेम एक मिनिट. दोन-अडीच तासांच्या संध्याकाळी प्रत्यक्ष शर्यत चालते ती पंधरा मिनिटं. उरलेल्या वेळात ट्रॅकवर ट्रॅक्टर फिरतो, पाण्याचा टँकर फिरतो, लोक चिप्स खातात आणि हातातल्या प्रोग्रामच्या रकान्यांत पेनाने गुण भरतात. आता एखादा कट्टर शौकीन धरा. दर मोसमात घरचे-बाहेरचे मिळून ४० सामने बघणारा, आणि हा उद्योग पन्नास वर्षं न चुकता करणारा. त्याने आयुष्यभरात किती शर्यत पाहिली? ३० हजार मिनिटं, म्हणजे ५०० तास. पुरते एकवीस दिवसही भरत नाहीत.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत अशी माणसं ढिगाने होती, आणि सत्तरच्या दशकात इथे राहायला आल्यावर बघता बघता मीही त्यांच्यातलाच एक झालो. इथली आमची मराठी मंडळी क्रिकेटमध्ये रमलेली. मेथॅनॉलचा वास कपड्यांना घेऊन घरी येणारा मी एकटाच. चार मोटरसायकली गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायची सवय लागली.

तर, चार स्वार. लाल, निळं, पांढरं आणि पिवळं हेल्मेट. सुमारे ३०० मीटरचा लंबगोल ट्रॅक, वर बारीक खडीची भुसभुशीत माती, तिला इथे शेल म्हणतात. घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे कायम डावीकडे वळायचं. मोटरसायकलला गिअर एकच आणि ब्रेक एकही नाही. ब्रेक नसण्याचं कारण साधं आहे: पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे तिघे त्याच्या पाठीवर. वेग कमी करायचा तर गाडी आडवी टाकायची, मागचं चाक घसरू द्यायचं आणि डाव्या बुटाला बांधलेला पोलादी तळवा जमिनीला टेकवून वळण काढायचं. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा.

हे यंत्र काय आहे ते कळायला आपल्या स्प्लेंडरशी ताडून बघू. स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास, ताकद ८ हॉर्सपॉवर. एका घोड्याने १४ किलो ओढायचं. स्पीडवेच्या गाडीचं नियमाने ठरलेलं किमान वजन ७७ किलो आणि ताकद ८० हॉर्सपॉवरच्या घरात. इथे एका घोड्याच्या वाट्याला एक किलोही येत नाही. ही ताकद निघते ५०० सीसीच्या एकाच सिलिंडरमधून. बाजारातल्या बहुतेक ५०० सीसी एकसिलिंडरी गाड्या याच्या निम्मी ताकदही काढत नाहीत.

गुपित इंधनात आहे: पेट्रोल नव्हे, मेथॅनॉल. मेथॅनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम निम्मी उष्णता असते, त्यामुळे वरवर पाहता तो घाट्याचा सौदा. पण पेट्रोलला जळायला आपल्या वजनाच्या साडेचौदापट हवा लागते आणि मेथॅनॉलला साडेसहापटही नाही. म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त मेथॅनॉल जाळता येतं. शिवाय वाफ होताना ते आतली हवा थंड करतं, त्यामुळे मिश्रण बेफाम दाबलं तरी वेळेआधी भडकत नाही. आता कागद-पेन्सिल घ्या. मिनिटाला १० हजार फेरे घेणारं फोर-स्ट्रोक इंजिन त्या मिनिटात ५ हजार वेळा श्वास घेतं. दर श्वासाला अर्धा लिटर, म्हणून अडीच हजार लिटर हवा, वजनाने तीन किलो. त्याला लागणारं मेथॅनॉल, थोडं सढळ हाताने धरलं तर, पाऊण लिटर. एवढ्यात गाडी जाते १२०० मीटर. लिटरला दीड-पावणेदोन किलोमीटरचं ॲव्हरेज! याच गाडीवर पुणे-मुंबई करायचं म्हटलं तर ९०-९५ लिटर हवेत. अर्थात इंजिन तिथवर पोचायचंच नाही, कारण पंचवीस-तीस शर्यती झाल्या की ते खोलून पुन्हा बांधायला मेकॅनिककडे जातं. अर्ध्या तासाचं आयुष्य, मग ऑपरेशन टेबल.

या यंत्राच्या घराण्यात आपल्याकडची एक ओळख निघते. कित्येक वर्षं जगभरच्या स्पीडवेत झेकोस्लोव्हाकियाच्या दिविशोव्ह गावची जावा इंजिनं चालली. म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेल्या जावा आणि येझदी ज्यांनी वडलांच्या मागे बसून अनुभवल्या आहेत, त्यांच्या ओळखीची टाकीवरची अक्षरं इथे पिट्समध्ये दिसायची. त्याआधीचा जमाना लंडनच्या जॅप इंजिनाचा. १९३० च्या सुमारास आलेलं ते इंजिन साठच्या दशकापर्यंत टिकलं. ताकद चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवर.

माझं सगळं भांडण या दोन आकड्यांत आहे. तेव्हाचे चाळीस-पंचेचाळीस घोडे आणि आताचे ऐंशी. ताकद जवळपास दुप्पट झाली, वळणं मात्र तेवढीच राहिली. ट्रॅक शहरांच्या मध्ये, घरांच्या गर्दीत कोंबलेले. ते रुंद कुठून होणार? नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून इंजिन उभं न ठेवता फ्रेममध्ये आडवं निजवायला लागले. वजन खाली गेलं, पकड वाढली, स्टार्ट आणखी धारदार झाला. स्टार्टची टेप वर उडाल्यापासून पहिल्या वळणाच्या तोंडाशी पोचायला आता अडीच-तीन सेकंद पुरतात. तिथे गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर सेकंदाला २२ मीटर. ज्याने क्लच सोडायला सेकंदाचा विसावा भाग उशीर केला तो वळणावर एक मीटरहून जास्त मागे. पापणी लवायलासुद्धा याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. आणि मीटरभर मागे पडलेल्याच्या तोंडावर पुढच्या तीन चाकांनी उडवलेली माती, म्हणून तो आणखी मागे. साठ सेकंदांच्या शर्यतीचा निकाल पहिल्या तीन सेकंदांत लागला, तर उरलेली सत्तावन्न सेकंदं मी काय मिरवणूक बघायची? माझं सरळ मत आहे, वीस-पंचवीस घोडे काढून घ्या. जुन्या उभ्या इंजिनांवर चौथ्या फेरीतल्या शेवटच्या वळणापर्यंत चौघांचं घोंगडं भिजत असायचं. तरुण पोरं यावर म्हणतात की म्हाताऱ्यांना सगळंच जुनं गोड लागतं. म्हणोत बापडी.

आता गर्दीचे आकडे. हा खेळ पहिल्यांदा कुठे झाला यावर न संपणारा वाद आहे, पण बहुतेक जण नाव घेतात ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडचं. १५ डिसेंबर १९२३, शेतकी प्रदर्शनाचं मैदान, आणि संयोजक जॉनी हॉस्किन्स नावाचा न्यूझीलंडचा एक खटपट्या. ब्रिटनमध्ये तो आला १९ फेब्रुवारी १९२८ ला, लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात हाय बीच इथे, एका पबच्या मागच्या ट्रॅकवर. आयोजकांची अपेक्षा होती ३ हजार लोकांची. आले किती, याचे अंदाज १२ हजारांपासून ३० हजारांपर्यंत जातात; मोजायला कोणाला सवड होती? प्रेक्षक ट्रॅकच्या आतही उभे होते आणि बाहेरही. त्याच वर्षात देशभर डझनांनी ट्रॅक निघाले, त्यातलाच एक आमचा कॉव्हेंट्रीचा ब्रँडन.

दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, वेम्ब्लीवरच्या जागतिक अंतिम फेरीला नव्वद हजारांच्या वर माणूस होतं. युद्धानंतर १९४९ ला पुन्हा तेवढंच. वानखेडे स्टेडियम तीनदा भरावं एवढी गर्दी, एका संध्याकाळी, वीस मिनिटांच्या शर्यतींसाठी. आणि हे काही वर्षातून एकदा नव्हे. चाळीसच्या दशकाच्या शेवटी वेम्ब्ली लायन्स संघाच्या साध्या गुरुवारच्या लीग सामन्यालासुद्धा पन्नास हजारांच्या वर लोक येत. सरकारने या खेळावर तिकिटाच्या ४८ टक्के करमणूक कर लावला होता, तरी रांगा हटत नव्हत्या. १९६५ मध्ये ब्रिटिश लीग नव्याने बांधली गेली तेव्हा एकाच विभागात १८ संघ होते, आणि सत्तरच्या दशकात दोन विभाग मिळून संघ पस्तिसाच्या पुढे गेले. मी नेमका त्या काळात इथे आलो हे माझं भाग्य. कॉव्हेंट्रीने १९७८ आणि १९७९ ला लागोपाठ लीग जिंकली, कप्तान डेन्मार्कचा ओले ओल्सेन, तीन वेळचा जगज्जेता. १९८१ ला वेम्ब्लीवर शेवटची अंतिम फेरी झाली. कॅलिफोर्नियाचा ब्रूस पेनहॉल जिंकला तेव्हाही नव्वद हजार लोक होते, म्हणजे खेळ मरतोय असं वाटायला काहीच कारण नव्हतं.

त्यानंतरची उतरंड अशी. जागतिक अजिंक्यपद पुढे एका रात्रीऐवजी मोसमभराच्या ग्राँ प्री फेऱ्यांत ठरायला लागलं. २००१ पासून त्यातली ब्रिटिश ग्राँ प्री कार्डिफच्या छपराखालच्या मोठ्या स्टेडियममध्ये भरायला लागली; फुटबॉल-रग्बीच्या मैदानावर हजारो टन शेल आणून टाकायची, एका रात्रीसाठी ट्रॅक करायचा आणि पुन्हा उचलून न्यायचा. चांगल्या वर्षी ४० हजारांच्या आसपास लोक. २०२५ ला ही ग्राँ प्री मँचेस्टरच्या नॅशनल स्पीडवे स्टेडियममध्ये गेली, जिथे मावतात सुमारे ६ हजार. नव्वद, चाळीस, सहा. ट्रॅक म्हणून मँचेस्टरचा कार्डिफपेक्षा कितीतरी सरस आहे, ओव्हरटेकिंग बघावं तर तिथेच, हे मीच आधी सांगतो. पण आकडा तो आकडा.

संघांचंही तेच. एक्झिटर, रेडिंग, स्विंडन, पीटरबरो, वुल्व्हरहॅम्प्टन: एकेक मैदान गेलं. कारण बहुतेक ठिकाणी एकच, क्लबची स्वतःची जागा नव्हती आणि जमिनीला शर्यतींपेक्षा घरांचा भाव जास्त होता. ब्रँडनला शेवटचा मोसम झाला २०१६ ला. त्या जागेवर इमारती उभ्या करायच्या की शर्यती परत आणायच्या यावर वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या. तोवर स्टँड पडके झाले. गंमत म्हणजे याच काळात ब्रिटिश स्वारांची कामगिरी उत्तम आहे. टाय वॉफिंडेन तीनदा जगज्जेता झाला, संघानेही जागतिक सांघिक अजिंक्यपदं मिळवली. जिंकणारे आहेत, बघणारे गेले.

ते बघणारे कुठे गेले याचं उत्तर पोलंड, असं म्हणायचा मोह होतो, पण पोलंडमध्ये गर्दी नेहमीच होती. २ सप्टेंबर १९७३ ला खोझुवच्या सिलेशियन स्टेडियममध्ये जागतिक अंतिम फेरी झाली, तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास लोक जमले होते. तिथे येझी श्चाकिएल नावाच्या, बाहेर कोणी फारसं न ऐकलेल्या पोलिश स्वाराने १३ गुण मिळवले. न्यूझीलंडच्या आयव्हन मेजरचेही १३. बरोबरी सोडवायला दोघांची वेगळी शर्यत झाली, मेजर पडला आणि श्चाकिएल जगज्जेता झाला. पुढचा पोलिश जगज्जेता, तोमाश गोल्लोब, मिळायला मग ३७ वर्षं लागली. आज पोलंडची वरची लीग आठ संघांची आहे, आणि तिच्या २०२२ ते २०२५ या चार मोसमांच्या प्रक्षेपण हक्कांना मिळाले २४ कोटी २० लाख झ्लॉटी, म्हणजे पाचशे कोटी रुपयांच्या जवळ. लेश्नो या साठेक हजार वस्तीच्या गावाच्या संघाकडे १८ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत आणि त्यांचं स्टेडियम भरलं की चौथाई गाव आत असतं. पैसा आला म्हणून सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. २०१५ ला वॉर्सॉच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून जास्त लोक गोल्लोबला निरोप द्यायला आले. तात्पुरता ट्रॅक उखडला, स्टार्टचं यंत्र बिघडलं आणि १२ शर्यतींनंतर सामना गुंडाळावा लागला. पन्नास हजार माणसं आणि बारा मिनिटं.

मला स्वतःला या खेळातला सगळ्यात थक्क करणारा आकडा मात्र गर्दीचा नाही, वेगाचाही नाही. तो छापलेल्या प्रोग्राममधला आहे, आणि वीस पेन्सवाल्या प्रोग्रामपासून मी तो न्याहाळत आलो आहे. जुन्या जागतिक अंतिम फेरीत १६ स्वार असत आणि २० शर्यती. प्रत्येक जण पाच शर्यती करी. आता बघा: दर शर्यतीत आपल्यासमोर तिघे, पाच शर्यतींत पंधरा जण. आणि आपण सोडून स्पर्धेत आहेतच किती? बरोबर पंधरा. तक्ता असा बांधलेला की प्रत्येक जण इतर प्रत्येकाला भेटतो, एकदाच भेटतो, कोणी सुटत नाही, कोणी दुबार येत नाही. १६ जणांच्या जोड्या होतात १२०. एका शर्यतीत चौघे म्हणजे ६ जोड्या. वीस सक १२०. एकही जोडी शिल्लक नाही! गणितात याला नाव आहे, चौथ्या कोटीचं अफाइन प्रतल, १६ बिंदू आणि २० रेषा. त्या प्रतलाची शिस्त मैदानावर मळक्या कातडी कपड्यांतले लोक दर उन्हाळ्यात पाळत होते. प्रोग्राम खिशात घालणाऱ्या कामगाराला हे नाव ठाऊक नव्हतं, पण आपला माणूस त्या भारी स्वाराला कितव्या शर्यतीत भिडणार आणि कुठल्या गेटवरून, हे त्याला तोंडपाठ असायचं.

याच तक्त्यातून निघणाऱ्या शक्यता मोजल्या तर डोकं गरगरतं. एका शर्यतीत चौघांचा क्रम २४ प्रकारे लागू शकतो. वीस शर्यतींचा मिळून आकडा येतो चारावर सत्तावीस शून्यं, तोही कोणी पडलं नाही, कोणाचं इंजिन बंद पडलं नाही असं धरून. त्यामुळे दोन संध्याकाळी सारख्या कधीच होत नाहीत, हे आमचं समर्थन घरच्यांना कधी पटलं नाही ती गोष्ट वेगळी.

पण तक्ता एवढा निर्दोष असूनही माणसं त्यात खोड काढतातच. १९३६ च्या पहिल्या जागतिक अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन पाचही शर्यती जिंकला. पंधरापैकी पंधरा. तरी तो तिसरा आला, कारण आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण मिळवायचे होते: त्याचे एकूण २५ झाले, लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांचे २६. वेगळी शर्यत होऊन व्हॅन प्राग जिंकला. विल्किन्सनने दोन वर्षांनी विजेतेपद घेऊन हिशेब मिटवला. उलटंही घडलंय. २००० साली मार्क लोरम संपूर्ण मोसमात एकही ग्राँ प्री न जिंकता जगज्जेता झाला. सातत्य म्हणा, नशीब म्हणा. मी त्या वर्षी तोंड भरून त्याचं कौतुक केलं, कारण तो इंग्लंडचा होता.

आणि एक आकडा न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा. रॉनी मूर दोनदा, बॅरी ब्रिग्ज चारदा, आयव्हन मेजर सहादा. १९५४ ते १९७९ या सव्वीस वर्षांत बारा जागतिक विजेतेपदं एकाच शहरातून आलेल्या तिघांकडे गेली. ते शहर तेव्हा दोन-तीन लाख वस्तीचं, आणि इंग्लंडला यायचं तर बोटीने कित्येक आठवडे. मेजर १९५७ ला आला तेव्हा सतरा वर्षांचा होता.

आजच्या वरच्या स्वाराचा आठवडाही पाहण्यासारखा आहे. सोमवारी किंवा गुरुवारी इंग्लंड, मंगळवारी स्वीडन, बुधवारी डेन्मार्क, शुक्रवारी-रविवारी पोलंड, शनिवारी ग्राँ प्री असेल तर ती. एका रात्री पाच-सहा शर्यती म्हणजे सहा-सात किलोमीटर. आठवडाभर राबून प्रत्यक्ष शर्यतीत कापलेलं अंतर तीस-चाळीस किलोमीटर, आणि त्यासाठी विमानं, रात्रभर चालणाऱ्या व्हॅन, तीन देशांत ठेवलेल्या गाड्या. यातलं प्रत्येक मिनिट ब्रेकशिवाय. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड, ज्याच्यासारखं नैसर्गिक कसब मी फार थोड्यांत पाहिलं, २०१५ ला पोलंडमध्ये पडला आणि कमरेखाली कायमचा अधू झाला. वय २३. कुंपणाला आता हवेच्या गाद्या असतात. साऱ्या सुधारणांत ही एक मी डोळे झाकून मान्य करतो.

राहता राहिला प्रश्न सगळ्यात थोर कोण, ज्यावर आमच्यात अजूनही रात्री जागतात. सहा वैयक्तिक जागतिक विजेतेपदं तिघांची आहेत: मेजर, स्वीडनचा टोनी रिकार्डसन आणि पोलंडचा बार्तोश झ्मार्झ्लिक. झ्मार्झ्लिकने सहावं घेतलं २०२५ ला, दहा फेऱ्यांच्या मोसमानंतर, डेन्मार्कच्या वॉयन्समध्ये, ब्रेडी कर्ट्झच्या पुढे फक्त एका गुणाने. १८३ आणि १८२. दहा फेऱ्या म्हणजे साठ-सत्तर शर्यती, म्हणजे तासाभराची शर्यत, आणि फरक एक. मेजरचा हिशेब वेगळा. त्याच्या काळी सगळं एका रात्रीत ठरायचं: सहा विजेतेपदांच्या सहा रात्री, रात्रीला पाच शर्यती, एकूण तीस मिनिटं. एक स्टार्ट चुकला, एक साखळी तुटली की वर्ष वाया. अशा तीस मिनिटांत सहा वेळा न चुकणारा माणूस मला जास्त मोठा वाटतो. गोझुवचा माझा एक जुना मित्र हे मुळीच मानत नाही. एका रात्रीत कोणीही जिंकू शकतो, त्यात थोरवी कसली, असं त्याचं म्हणणं. आणि पुरावा म्हणून तो, स्वतः पोलिश असून, श्चाकिएलचं नाव घेतो.